पत्ते कोण वाटतंय

ती. आत्या,

वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला आहे. गेले काही दिवस टेबलांखाली वायरी हुडकण्यात गेल्यामुळे एकदा वाकले की मला सरळ करायला माणूस लागतो. मनाने मात्र पूर्ण वाकले आहे.) तुझी तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव. गुडघ्यांची खबर तुझ्या लेकाकडून लागते. कानाचं यंत्र तू हौसेने लावलंस आणि आठवड्याच्या आत काढून डब्यात ठेवलंस, हेही त्यानेच सांगितलं. कारण असं म्हणे की घरातले सगळे किती बोलतात ते तुला ऐकू यायला लागलं. मला कारण पटलं. म्हणूनच फोन न करता लिहायला बसले आहे. शिवाय जे सांगायचं त्यात राउटर, स्विच, नेटवर्क असले शब्द येणार. ते मी फोनवर ओरडून सांगितले असते तर तुझ्या शेजाऱ्यांना वाटलं असतं, माहेरच्यांशी वाजलं.

इकडे सगळे मजेत आहेत. बाबाही मजेत आहेत. स्टुडिओ चालू आहे. ‘आता तू ओळखणार नाहीस’ असं लिहिणार होते, पण ओळखशील. काउंटरची काच तशीच आहे, तू इस्त्री ठेवल्यामुळे गेलेल्या तड्यासकट. फोटो काढायच्या खोलीत मागचे रंगवलेले पडदेही तसेच आहेत: एक तळ्याचा, ज्यात हंस आहे (त्याची मान आता घडीवर फाटली आहे, त्यामुळे तो जरा कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसतो), आणि एक तो भव्य जिना, जो कुठेच जात नाही. गोल फिरणारं स्टूलही आहे. त्यावर मुलं अजून फिरतात आणि आया अजून ओरडतात. नवीन म्हणशील तर तीन कम्प्युटर आणि एक अवाढव्य प्रिंटर. एक कम्प्युटर काउंटरवर. एक माझा, जिथे तुझं रंगकामाचं टेबल होतं तिथे, खिडकीशी. (ज्या उजेडासाठी तू आजोबांशी भांडून ती जागा मिळवलीस त्याच उजेडामुळे मला स्क्रीनवर काही दिसत नाही. मी पुठ्ठा लावून बसते.) तिसरा कातरबाईचा. ही तुझ्यानंतर आली. पासपोर्टचे फोटो कातरून द्यायला म्हणून ठेवली होती, आता अल्बम बनवते आणि कात्री वर्षानुवर्षं हातात धरत नाही, पण नाव पडलं ते पडलं.

आता या तीन कम्प्युटरांचं आणि प्रिंटरचं आपापसात बोलणं व्हावं म्हणून सगळ्यांच्या वायरी बोळातल्या भिंतीवर एका स्विचमध्ये (दिव्याचा नव्हे, वायरी खुपसायची भोकांची पट्टी) येतात, आणि त्याच्या शेजारी एक डबा आहे, तो राउटर. तुझ्या लेकाने मागच्या खेपेला आला तेव्हा बसवला. या डब्याचं मुख्य काम कोणतं, तर पत्ते वाटणं. कम्प्युटर सुरू झाला की तो आधी घरभर विचारतो, मला पत्ता कोण देतंय? डबा म्हणतो, घे, हा तुझा आकडा. आणि बाहेर जगात जायचं दार अमुक ठिकाणी आहे. कुणाला कोणता आकडा दिला ते डबा लक्षात ठेवतो, म्हणजे दोघांना एकच जात नाही. हे सगळं आपोआप होतं. इतकं आपोआप, की असं काही होतं हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. तुझ्या लेकाने पहिल्यांदा ‘पत्ते वाटणं’ म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल सांग. गिऱ्हाईक नसलेली दुपार, काउंटरवर तू, आई, बाबा आणि चौथा भिडू म्हणून उंच स्टुलावर मी. वाटायचीस नेहमी तू आणि एक्के नेहमी तुझ्याकडे. आई बिचारी म्हणायची, वन्संचा हात चांगला आहे. बाबा म्हणायचे, हात चांगला नाही, चपळ आहे. त्या डावांतून मी एकच धडा घेतला होता, की वाटणारं माणूस एकच असावं, मग ते कसंही असो. तो धडा या वयात असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

निमित्त झालं एका तसबिरीचं. एक दिवस सकाळी सात-आठ जणी काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या तुझ्यापेक्षा जरा लहान, सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. मुलींच्या शाळेचा शेवटच्या वर्षाचा वर्ग. त्यांच्याजवळ त्या वर्षीचा ग्रुप फोटो होता. आपल्याच मागच्या अंगणात आजोबांनी काढलेला आणि तू हाताने रंगवलेला. तुला आठवत असेलच. नसेल तर आठवण करून देते: त्या आठवड्यात गुलाबी सोडून तुझ्या सगळ्या कुप्या वाळल्या होत्या, त्यामुळे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे फ्रॉक तू गुलाबी केलेस, आणि मधोमध बसलेल्या गणिताच्या बाईंचा कोटही. बाई अजून आहेत. खूप थकल्या आहेत, पण त्या रविवारी या सगळ्या जणी त्यांच्या घरी जमणार होत्या आणि तो फोटो साफ करून, भिंतीएवढा मोठा करून बाईंना द्यायचा होता. एक जण हळूच म्हणाली, तो कोट राखाडी होता, तो तेवढा राखाडी करता येईल का? त्यावर बाकीच्या सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. बाई नेहमी गुलाबी कोट घालत, आम्हाला चांगला आठवतो, असं त्यांचं म्हणणं. आत्या, तुझ्या एका कुपीने अख्ख्या वर्गाची आठवण रंगवून ठेवली आहे. मी ऑर्डर लिहून घेतली. धंद्यात असं बोलायचं नसतं.

फोटोवरची बुरशी, ओरखडे, कुणाच्या तरी नाकावरून गेलेली घडी हे सगळं मी स्क्रीनवर साफ केलं. (त्यात मला तू सापडलीस. उजवीकडच्या खिडकीच्या काचेत, फार पुसट. हातात रिफ्लेक्टर धरून उभी आहेस आणि जांभई देते आहेस. ते मी साफ केलं नाही.) दुपारी फोटो छापायला पाठवला. कम्प्युटर म्हणाला, प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर माझ्या डाव्या हाताला होता. हात लांब केला तर चापट मारता येईल इतका जवळ. मारली. तरी सापडेना. मग मी तेच केलं जे सगळं जग करतं: सगळं बंद करून परत चालू केलं. एक कम्प्युटर सुधारला, दुसरा बिघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मंडळी शहाण्यासारखी वागत होती, म्हणून आधी गिऱ्हाइकांची कामं उरकली आणि जेवणानंतर तसबीर घेतली, तर पुन्हा तेच. असं रोज. सकाळी गुण्यागोविंदाने, आणि दुपारी, घर शांत झालं आणि बाबा आत जाऊन पडले की, एकेकाच्या अंगात यायला सुरुवात. कातरबाईचं मत पडलं की यंत्रांना जेवणानंतर सुस्ती येते. मी तिला हसले, पण डबा तापत असेल अशा समजुतीने त्याच्यावर टेबलफॅन सोडला. डब्याला बरं वाटलं असेल. बाकी कुणालाही नाही.

मग कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिकडच्या मुलीने आवाज इतका गोड ठेवला होता की आपल्यालाच काहीतरी झालं आहे असं वाटावं. तिने मला माझ्या कम्प्युटरचा पत्ता कुठे बघायचा ते शिकवलं. चार आकडे असतात, मध्ये टिंबं. आपल्या घरातल्या सगळ्यांचे पहिले तीन आकडे सारखे हवेत आणि शेवटचा वेगळा. म्हणजे आळी एक, घर वेगळं. प्रिंटरचा तिसरा आकडा होता एक. माझा होता शून्य. म्हणजे आम्ही दोघं एका खोलीत, खांद्याला खांदा लावून, पण तो एक नंबरच्या आळीत राहत होता आणि मी शून्य नंबरच्या. माझी हाक त्याच्यापर्यंत जाणार कशी? मुलगी म्हणाली, “मॅडम, हा पत्ता आमच्या बॉक्सने दिलेला नाही.” मी विचारलं, मग कुणी दिला? ती आणखी गोड होऊन म्हणाली, “ते तुमच्या घरातलं आहे.” आणि मला सेवेला किती गुण द्याल ते विचारून फोन ठेवला. आत्या, ‘ते तुमच्या घरातलं आहे’ हे वाक्य मी आजवर फक्त नातेवाइकांकडून ऐकलं होतं.

मग मी ठरवलं की डब्याचे उपकार नकोत, पत्ते मीच हाताने वाटीन. तुझी भाची आहे मी, हात शिवशिवत होतेच. प्रत्येक कम्प्युटरला माझ्या मनाने एकेक आकडा दिला आणि तो चिठ्ठीवर लिहून वर चिकटवला. अर्धा दिवस माझ्यासारखी सुखी मीच. मग एक गिऱ्हाईक आलं, त्याने फोनवरचा फोटो द्यायला म्हणून फोन आपल्या वायफायला जोडला, आणि बोळातल्या डब्याने, ज्याला माझ्या चिठ्ठ्या कुणी दाखवल्या नव्हत्या, नेमका माझा आकडा त्या फोनला देऊन टाकला. आता एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. त्याचा फोन हलेना, माझा कम्प्युटर बोलेना. तो गृहस्थ माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी तो म्हणाला, राहू द्या, मी उद्या येतो. तो अजून आलेला नाही. चिडून मी डबा, फॅन, सगळं बंद केलं, चिठ्ठ्या फाडल्या, दिलेले आकडे पुसले आणि नुसते कम्प्युटर सुरू केले. तर प्रत्येकाने स्वतःच स्वतःला एक भलताच, लांबलचक, कुठल्याही आळीत न बसणारा पत्ता घेतला. कुणीच पत्ता दिला नाही तर ते असं करतात म्हणे. मला त्यांची दयाच आली. मी लहानपणी बाजारात हरवले होते तेव्हा पोलिसाला सांगितलं होतं, मी तळ्याकाठी राहते, तिथे एक हंस आहे. तो बिचारा मला घेऊन तळं शोधत हिंडला होता. शेवटी तूच भेटलीस वाटेत.

शेवटी तुझ्या लेकाला फोन लावला. (आधीच का नाही लावला असं तू म्हणशील. तो ‘काय केलंस तू?’ असं विचारतो म्हणून. काही झालं नसतानाही विचारतो.) त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “घरात आणखी एक जण पत्ते वाटतोय.” मी म्हटलं, घरात माणसंच तीन आहेत. तो म्हणाला, माणूस नव्हे, डबा. मी पहिल्यांदा बसवला होता तो जुना डबा कुठे आहे? मी म्हटलं, तो बाबांनी केव्हाच भंगारात दिला. मग त्याने विचारलं, “मामाने आजवर काहीही भंगारात दिल्याचं तुला आठवतं?” आठवत नव्हतं. तुलाही आठवणार नाही. आपल्याकडे मोडक्या कॅमेऱ्याच्या मोडक्या चामड्याच्या पिशवीचा मोडका पट्टासुद्धा आहे.

त्याने उपाय सांगितला. दुपारी गोंधळ सुरू झाला की स्विचमधल्या वायरी एकेक करून काढायच्या. जी काढल्यावर पत्ता सुधारेल तिच्या टोकाला चोर. त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी बोळात स्टुलावर चढले आणि कातरबाई माझ्या कम्प्युटरपाशी बसली. मी एक वायर काढायची, तिने पत्ता नव्याने मागायचा आणि तिसरा आकडा ओरडून सांगायचा. शून्य. मी वायर परत लावली, दुसरी काढली. शून्य. तिसरी. शून्य. मग एक काळी, जाड, जुनाट वायर हाताला लागली. ती ओढली. आतून आवाज आला, “एक.” पुन्हा खुपसली. “शून्य.” पुन्हा काढली. “एक, आणि आता खेळत बसू नका, मी फोटो पाठवतेय.”

ती वायर कुठे जाते हे मला माहीत नव्हतं. हात लावत लावत निघाले. बोळाच्या छताकडेने, फोटोच्या खोलीत, पडद्यांच्या दांड्यावरून, त्या भव्य जिन्याच्या मागे. तो जिना कुठेच जात नाही असं आपण जन्मभर म्हणत आलो, पण त्याच्यामागून वायर नेमकी एका ठिकाणी जात होती: डार्करूमच्या दारावरच्या भोकात. तेव्हा लक्षात आलं, की तुझ्या लेकाने पहिला डबा तिथेच ठेवला होता, खोली कोरडी म्हणून. डबा बदलला, वायर तशीच लोंबत राहिली. डार्करूम बंद होऊन किती काळ झाला ते तुला ठाऊक आहे. फिल्म धुवायला यायची थांबली आणि आपण दाराला कडी घातली. मी कडीला हात लावायला गेले, तर कडी निघालेली होती. दारावर न ठोकता आत जायचं नाही, हे तू मला कान पिळून शिकवलं होतंस. मी ठोकलं, आपलं ते दोनदा आणि मग एकदा. आतून बाबांचा आवाज आला, “थांब जरा. हां, ये. पडदा नीट ओढून घे, उजेडाने कागद जाईल.”

मी आत गेले आणि पडदा ओढून घेतला. खोलीत मिट्ट काळोख, आणि वरच्या फळीवर मोहरीएवढा एक तांबडा ठिपका. तोच तो जुना डबा. बाबा टेबलाशी उभे राहून ट्रे हलवत होते, तसाच, एक कोपरा उचलायचा, सोडायचा, मग दुसरा. मला ते दिसलं नाही, पाण्याच्या आवाजावरून कळलं.

“काय करताय बाबा?”

“धुतोय.”

“काय धुताय?”

“ट्रेमध्ये असतं ते.”

मी बोट बुडवून बघितलं. नळाचं पाणी होतं. कागद नव्हता. मग त्यांनीच सांगितलं. दुपारी पडायला म्हणून ते आत जायचे ते इथेच. जुना तांबडा बल्ब उडाला, दुसरा कुठे मिळेना. मग त्यांना आठवलं, की नेट गेलं की या डब्याचा दिवा तांबडा होतो आणि तुझा लेक कपाळाला हात लावतो. “मला नेट नको होतं,” बाबा म्हणाले, “दिवा हवा होता.” आणि वायर कशाला लावली, तर ती सारखी तोंडावर येत होती, म्हणून चाचपून एक भोक सापडलं त्यात खुपसून टाकली. म्हणजे बाबा इथे दिवा लावायचे आणि हा म्हातारा डबा जागा होऊन, कुणी सांगितलेलं नसताना, पूर्वीसारखे सगळ्या घराला पत्ते वाटायला लागायचा. बाबा दिवा मालवून बाहेर आले तरी आमचे कम्प्युटर त्याने दिलेला पत्ता उराशी धरून बसायचे. त्याची तरी काय चूक. त्याला कुठे कुणी सांगितलं होतं की नवीन आला म्हणून.

मी हसायला लागले आणि मागे सरकताना कशाला तरी अडखळले. “उजवीकडे स्टूल आहे,” बाबा म्हणाले. मग त्यांनी फळीवरून चिमटा घेतला, माझ्या हातात दिला, खालच्या खणातून दुसरा काढला, नळ बंद केला, सगळं असं, जसं तू सुईत दोरा ओवायचीस. मी म्हटलं, बाबा, एवढ्याशा दिव्यात मला माझा हात दिसत नाही, तुम्हाला कसं दिसतं?

“इथे बघायला लागतंय कुठे,” ते म्हणाले. ट्रे दोनदा हलला. “बाहेर लागतं.”

आत्या, त्याआधीच्या महिन्यात त्यांनी कोट अडकवायच्या स्टँडला ‘या, बसा’ म्हटलं होतं. पूर्ण टक्कल असलेल्या एका वकिलाला केस नीट करायला कंगवा दिला होता. एका बाईंना त्यांच्या मुलीऐवजी भलत्याच मुलीचे फोटो पाकिटात घालून दिले होते. मला वाटलं थट्टा करताहेत; त्यांचा स्वभाव तुला माहीतच आहे. वकीलसुद्धा हसला होता. आता त्या काळोखात एकेक गोष्ट आपोआप धुतल्यासारखी वर आली. ते म्हणाले, बाहेर सगळं धुक्यात काढलेल्या फोटोसारखं दिसतं, आणि मग लोक हळू बोलायला लागतात, हात धरायला येतात. इथे काळोख आहे, तो सगळ्यांना सारखा. मी ट्रेची दुसरी बाजू धरली आणि आम्ही दोघांनी मिळून बराच वेळ पाणी धुतलं. त्यांनी मला सांगितलं, तू हलवतेस ते तुझ्या आत्यासारखं, घाईने.

बाहेर येऊन बघते तर तसबीर छापून झाली होती आणि कातरबाई ती धरून उभी होती, पाय तेवढे दिसत होते. शनिवारी सगळ्या जणी न्यायला आल्या. बाबा काउंटरवर आले, मोठ्या फोटोच्या कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, “गुलाबी आहे ना अजून?” सगळ्या हसल्या. जिचं म्हणणं होतं कोट राखाडी होता तीही हसली. रविवारी बाईंनी फोटो बघितला आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, ‘हा कोट माझा नाही.’ पण मग दिवसभर तो सगळ्यांना दाखवत होत्या म्हणे.

जुन्या डब्याचं काय करायचं ते तुझ्या लेकाला विचारलं. तो म्हणाला, फेकू नका, नुसती वायर काढा, वीज राहू द्या. त्याप्रमाणे केलं. आता डबा कुणाला पत्ता देत नाही, फक्त तांबडा दिवा लावून बसतो. दुपारी बाबा आत जातात. प्रिंटर छापतो. कधी काम नसलं तर मी दारावर ठोकते.

तर असं सगळं छान मार्गी लागलेलं आहे. काळजीचं काही कारण नाही. गुडघ्यांना शेक देत जा. सूनबाईला आशीर्वाद सांग, ऐकू आल्यासारखा चेहरा करून.

तुझी (तूच एकदा लाडकी म्हटलेली, साक्षीदार आई होती)
भाची

ता. क. त्या बायकांपैकी एकीला तिच्या बहिणीचा फोटोही तसाच गुलाबी करून हवा आहे, हाताने. रंग कागदावर फुटू नये म्हणून तू कापसाला आधी काय लावायचीस ते कळव. पत्र लिहायचं कारण हेच.

ता. क. कारण ते नाही. बाबांना मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. (पासपोर्टचे फोटो द्यायला जायचं आहे असं सांगून.) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकलेला, पण काढता येण्यासारखा. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही नाही. बाबा घाबरलेले नाहीत, ते फक्त नको म्हणतात. खोदून विचारलं तर आजोबांचं नाव काढतात. एका डोळ्याने अधू म्हणून ऑपरेशनला आत गेले आणि दोन्ही गमावून बाहेर आले. मी सांगते की तो काळ वेगळा होता, पण तो काळ मी बघितलेला नाही. तू बघितला आहेस. आजोबांना हाताला धरून तूच आणलंस, आणि तरी मागच्या वर्षी तू स्वतःचे दोन्ही डोळे त्याच टेबलावर दिलेस. त्या रात्री तू किती घाबरली होतीस ते तुझ्या लेकाने मला सांगितलं आहे. ते बाबांना माहीत नाही. त्यांना वाटतं ताई कशालाच घाबरत नाही. ते तू त्यांना सांगायला हवंस. पत्रातून नको. त्यांना वाचता येणार नाही, आणि मी वाचून दाखवलं तर ते म्हणतील यात पोरीने दोन ओळी घातल्या आहेत. (घालीनही.) तू ये. येताना कानाचं यंत्र आण, बाबा तिथे आत फार हळू बोलतात. तुला मी काही करायला लावणार नाही. दारावर ठोकून आत जायचं, ट्रेची दुसरी बाजू धरायची.

ता. क. मी पाकीट आणायला उठले तेवढ्यात बाबांनी चाहूल घेऊन विचारलं, कुणाला लिहितेस? आणि स्वतःही एक ओळ लिहितो म्हणून बसले. वर जिथे मी राउटर समजावून सांगितला आहे त्या परिच्छेदावरून निळ्या शाईची जी ओळ तिरपी गेली आहे ती त्यांची. त्यांना वाटलं तिथे कागद कोरा आहे. तुला अक्षर लागणार नाही म्हणून उतरवून देते: ‘ताई, पोरीचं मनावर घेऊन धावत येऊ नकोस, मला अगदी स्वच्छ’. ‘दिसतं’ हा शब्द टेबलावर आहे.